डासांविषयी माणसांना विचारताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी "हिवताप" एवढेच सांगितले होते; निमंत्रणपत्रिकेवर मात्र "हिवताप : कारणे व उपाय" असे छापून आले. तेव्हा मच्छरदाणी कशी खोचावी आणि कडुनिंबाचा धूर केव्हा करावा हे ऐकायला कोणी आल्या असतील, तर त्यांनी रागावू नये. ते तुम्हाला माझ्याइतकेच ठाऊक आहे. मला बोलायचे आहे ते निराळ्याच गोष्टीविषयी. डासाच्या बीजातच फेरफार करून हिवताप हटवावा, असे प्रयत्न गेली काही वर्षे जगात चालले आहेत. असे डास ज्यांच्या अंगणात सोडायचे त्या माणसांना आधी विचारायचे की नाही, आणि विचारायचे तर कोणाला व कसे, याचाच अभ्यास करणारी काही मंडळी आहेत. त्यांचे लिखाण गेली दोन वर्षे मी मिळेल तेथून मिळवून वाचते आहे. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे मला डासाचे नवल उरलेले नाही. नवल वाटले ते या विचारण्याचे.

रोगाविषयी दोनच आकडे सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ या एका वर्षात जगात सुमारे २६ कोटी ३० लाख लोकांना हिवताप झाला आणि ५ लाख ९७ हजार माणसे त्याने दगावली. यांतले शंभरातले पंचाण्णव मृत्यू आफ्रिकेत झाले, आणि तेथे मेलेल्या दर चारांत तीन पाच वर्षांखालची मुले होती. आपल्याकडे हा रोग कसा होता हे इथल्या वडीलधाऱ्या बायकांना सांगायला नको. १९५८ साली हिवताप निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम निघाली, डी.डी.टी.चे पंप घेऊन माणसे घरोघर फिरली, आणि १९६५ च्या सुमारास देशातले रुग्ण लाखाच्या आसपास आले. हिवताप गेला असे आपण म्हणू लागलो. १९७६ साली तोच आकडा ६४ लाखांवर गेला. डासांना डी.डी.टी. पचू लागले होते आणि आपला हातही सैल पडला होता. आफ्रिकेत आज तेच चालले आहे. मच्छरदाण्यांना लावलेले औषध डासांना बाधेनासे झाले आहे. म्हणून शास्त्रज्ञ नवा उपाय शोधतात. त्यांना दुसरे काही सुचत नाही म्हणून हा उद्योग, असे कोणी समजू नये. मुले मरत आहेत म्हणून हा उद्योग आहे.

आता तो उपाय काय आहे ते स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगते, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. चावते ती फक्त मादी. अंड्यांसाठी तिला रक्त लागते. नर बिचारा फुलांच्या रसावर जगतो. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले, ती मादीच होती. तेव्हा एक मार्ग असा की प्रयोगशाळेत निर्बीज नर वाढवायचे आणि सोडून द्यायचे. माद्या त्यांच्याशी जोडी जमवतात, अंडी फळत नाहीत. हे दुधात साखर घालण्यासारखे आहे. आज घातली, आजचे दूध गोड झाले. उद्याच्या दुधात पुन्हा घालावी लागते. घालणे थांबवले की गोडी संपली.

दुसरा मार्ग विरजणाचा. एरवी आईबापांच्या अंगचा एखादा गुण निम्म्या लेकरांत उतरतो, निम्म्यांत उतरत नाही. पण शास्त्रज्ञांनी डासाच्या बीजात अशी जनुके बसवली आहेत की ती स्वतःची नक्कल करून जवळजवळ सगळ्या पिलांत उतरतात, त्यांच्या पिलांतही उतरतात आणि अशी पसरत जातात. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात २०१८ साली पिंजऱ्यातल्या डासांवर हा प्रयोग झाला. सात ते अकरा पिढ्यांत पिंजऱ्यात अंडी घालणारी मादीच उरली नाही आणि सारी वसाहत संपली. एक चमचा विरजण अख्ख्या पातेल्याला पुरते, त्यातलेच थोडे दुसऱ्या पातेल्याला पुरते, आणि एकदा दही लागले की त्याचे दूध होत नाही. असे विरजणाचे डास आजवर कोठेही मोकळ्या हवेत सोडलेले नाहीत. सोडले ते साखरेचे.

साखरेला परवानगी मागणे आणि विरजणाला परवानगी मागणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे आपल्यापैकी कोणालाही पटेल. शेजारणीने आपल्या दुधात साखर घातली तर आपण कुरकुर करू आणि विसरू. विरजण घालायचे असेल तर तिने आधी विचारायला हवे. पण येथे पातेले कोणाचे? डास गावाची शीव ओळखत नाही. आपल्याकडच्या शहरांतला हिवताप पसरवणारा एक डास आहे, अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी; तो २०१२ साली आफ्रिकेत जिबूती येथे सापडला आणि आता तिकडच्या शहरांना त्याची भीती पडली आहे. त्याने समुद्र ओलांडताना कोणाचा परवाना घेतला नव्हता. म्हणजे एका गावाने "हो" म्हटले तरी पलीकडच्या गावाचे, पलीकडच्या देशाचे काय, हा प्रश्न राहतोच.

हे सगळे परदेशातले असे वाटत असेल तर थोडे मागे, दिल्लीला चला. १९६९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांच्यात करार होऊन दिल्लीत डासांच्या आनुवंशिक नियंत्रणाचे एक केंद्र निघाले. आजच्यासारखी जनुके कापण्याची विद्या तेव्हा नव्हती. रसायने वापरून नर निर्बीज करत. दिल्लीजवळच्या खेड्यांत हत्तीरोगाच्या डासांचे असे नर सोडले गेले. हिवतापाचा आणि डेंग्यूचा डासही अभ्यासाला होताच. पैसा अमेरिकेचा, पण रुपयांतला. माझ्या वयाच्या भगिनींना रेशनवरचा तो तांबडा अमेरिकन गहू आणि मिलो आठवत असेल. त्या धान्याची किंमत आपण रुपयांत चुकती करत होतो, आणि त्याच पी. एल. ४८० च्या रुपयांतून हे संशोधन चालत होते.

पुढे हरियाणातल्या सोनीपत गावी डेंग्यूच्या डासांचे नर सोडायचे ठरले. हाच डास पीतज्वरही पसरवतो. पीतज्वर आपल्या देशात नाही, कधी आलाही नाही. डास मात्र भरपूर आहे. १९७४ साली वृत्तसंस्थेच्या बातमीदारांनी विचारायला सुरुवात केली. जो रोग आपल्याकडे नाही त्याच्या डासात अमेरिकेला एवढा रस का? हा जंतुयुद्धाचा अभ्यास तर नव्हे? निर्बीज करण्याचे रसायन विहिरीच्या पाण्यात गेले तर? प्रकरण लोकसभेच्या लोकलेखा समितीकडे गेले, १९७५ च्या एप्रिलमध्ये समितीने कडक अहवाल दिला, सोनीपतचा प्रयोग झालाच नाही आणि केंद्र बंद पडले. जागतिक आरोग्य संघटनेने सगळे आरोप नाकारले होते.

या वादात खरे कोणाचे हे सांगायला मी आलेली नाही. शास्त्रज्ञांपैकी कित्येक जण सचोटीने काम करत होते असे माझे मत आहे, आणि बातमीदारांचे प्रश्नही विचारण्यासारखेच होते. मला खटकते ते वेगळे. वर्तमानपत्रे बोलली, खासदार बोलले, दिल्लीचे अधिकारी आणि जिनीव्हाचे तज्ज्ञ बोलले. ज्या बाईच्या रांजणात तो डास अंडी घालत होता, ती या सगळ्या वादात कोठे बोललेली मला आढळली नाही. प्रयोग करू पाहणाऱ्यांना तिची गरज वाटली नाही आणि प्रयोग थांबवणाऱ्यांनाही वाटली नाही.

विचारायचे म्हणजे काय, हे समजायला मला पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातला एक अभ्यास फार उपयोगी पडला. २००८ साली तिथल्या खेड्यांत आणि शहरांत ऐंशी माणसांच्या एकेकट्याने सविस्तर मुलाखती घेतल्या गेल्या, आणि दोन वर्षांनी त्या प्रसिद्ध झाल्या. बीज बदललेले डास तुमच्याकडे सोडले तर चालतील का, असा विषय. ऐंशी हा आकडा लहान आहे. परंतु एका माणसाजवळ निवांत बसून त्याचे ऐकायचे तर तो लहान नव्हे.

तेथे पहिली अडचण शब्दाची येते. मालीच्या बंबारा भाषेत हिवतापाला "सुमाया" म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ गारवा, ओलावा असा आहे. पावसात भिजणे, अंगावर काम ओढणे, खाण्यात काही येणे, यांनीही सुमाया होतो असे तिथली पुष्कळ माणसे मानतात. आपल्याला हसायचे कारण नाही. आपला "हिवताप" तरी काय आहे? हिव म्हणजे थंडी. भिजून आलेल्या नातवाला "हिव भरेल रे" म्हणणारी आजी डासाचे नावही काढत नसे. इंग्रज डॉक्टरांचा "मलेरिया" म्हणजे इटालियन भाषेत वाईट हवा. आता ज्या माणसाच्या मते सुमाया ओलाव्यानेही होतो, त्याला "डास बदलले तर सुमाया जाईल, चालेल का?" असे विचारले आणि त्याने मान हलवली, तर त्या मान हलवण्याचा अर्थ काय लावायचा? तो डासाला हो म्हणाला, की आलेल्या पाहुण्याला?

तरीही त्या मुलाखतींतून जे निघाले ते मला मोठे शहाणपणाचे वाटते. बहुतेकांनी सरसकट नाही म्हटले नाही आणि सरसकट हो म्हटले नाही. हिवताप खरोखर कमी होतो याचा पुरावा दाखवा, माणसाला आणि रानाला अपाय होत नाही हे दाखवा, मग सोडा. आणि आधी दुसऱ्या गावात करून दाखवा, मग आमच्याकडे या, असेही पुष्कळांचे म्हणणे पडले. आपल्या भिशीत कोणी नवी योजना आणली की आपण नेमके हेच म्हणतो. फक्त गंमत अशी की प्रत्येक गावाने "आधी दुसरीकडे" म्हटले तर पहिले गाव कोणते?

ते पहिले गाव बुर्किना फासो या देशात निघाले. त्याचे नाव बाना, बोबो-दियुलासो शहराच्या जवळ. १ जुलै २०१९ रोजी तेथे बीज बदललेले सुमारे ६,४०० निर्बीज नर सोडण्यात आले. अंगावर रंगीत भुकटी टाकलेले, म्हणजे पुन्हा पकडले की ओळखू यावेत. हिवतापाच्या डासाच्या बाबतीत आफ्रिकेत हे प्रथमच घडले. देशाच्या जैवसुरक्षा संस्थेने परवानगी दिली होती ऑगस्ट २०१८ मध्ये, आणि डासांची अंडी परदेशातून बोबोच्या प्रयोगशाळेत आली होती २०१६ मध्ये. एवढ्या वर्षांत शास्त्रज्ञांबरोबर दुसरी एक तुकडी गावात काम करत होती. लिया पारे तोए या समाजाचा अभ्यास करणाऱ्या बाई त्यात प्रमुख आहेत. जनुक या शब्दाला तिथल्या जुला भाषेत शब्द नव्हता. म्हणून भाषा जाणणाऱ्यांना बोलावून शब्दांचा एक संग्रहच तयार करण्यात आला. शब्द घडवताना गावकऱ्यांना तो समजतो का हे पाहायचे, नाही समजला तर मोडायचा आणि दुसरा घडवायचा. शाळेत मी इतकी वर्षे "गुणसूत्र" हा शब्द मुलांच्या माथी मारत आले. कोणा मुलाला तो कळला का, अशी चौकशी पाठ्यपुस्तक मंडळाकडून कधी आली नाही.

बानामध्ये संमती दोन प्रकारची होती. एखाद्या घरात शिरून डास पकडायचे असतील तर त्या घराची वेगळी संमती. डास सोडायचे असतील तर गावाची. कारण डास सोडताना शंभर घरे हो म्हणाली आणि एक नाही म्हणाले, तर त्या एका घराला वगळून डास सोडता येत नाहीत. आणि सर्वांत कठीण भाग तर पुढेच आहे. या प्रयोगाने बानाचा हिवताप कमी होणार नव्हता. नर निर्बीज होते आणि थोडे होते. ते किती दिवस जगतात आणि किती दूर जातात एवढेच पाहायचे होते. म्हणजे गावाला सांगायचे की, आम्ही तुमच्याकडे डास सोडणार, तुम्हाला त्याचा लाभ काही नाही, तरी हो म्हणा. मला विचाराल तर यांतले दुसरे वाक्य जो गाळत नाही त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा. प्रयोग करणाऱ्यांनी ते गाळले नाही, हे त्यांच्याबद्दल सांगितलेच पाहिजे.

पण दुसरी बाजूही आहे. त्या देशाच्या राजधानीत २०१८ साली या प्रयोगाविरुद्ध मोर्चा निघाला होता. मोर्चातल्या लोकांना आठवत होता कापूस. बीज बदललेला कापूस बुर्किना फासोत २००८ साली आला, त्याचा धागा आखूड निघाला म्हणून २०१५-१६ च्या सुमारास तो सोडून द्यावा लागला. विदर्भातल्या माहेरच्या बायकांना बी.टी. कापसावरून घरोघर झालेले वाद ठाऊक आहेत. त्यांना हे वेगळे समजावून द्यायला नको. त्या लोकांचे म्हणणे असे की आज साखर घालता, पण तुमच्या मनात विरजण आहे. ते खोटे नव्हते. पायरीपायरीने तेथेच जायचे, असे प्रकल्पवाले स्वतःच सांगत होते. शिवाय पैसा बिल गेट्स यांच्या प्रतिष्ठानाचा. आपल्याला पी. एल. ४८० आठवते, त्यांना हे आठवेल.

आता मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते सांगते. मत विचारायला येणारा आणि मन वळवायला येणारा हा एकच माणूस असला, तर उत्तराचे काय होते? पावसाळ्यात पालिकेची माणसे आपल्या गल्लीत येतात. "ताई, पिंप आठवड्यातून एकदा कोरडे करता ना?" त्या "ना"तच उत्तर आहे. आपण "हो हो" म्हणतो, ते वहीत खूण करतात आणि पुढच्या दाराला जातात. (हसता काय? मीही हेच म्हणते.) त्या वहीवरून उद्या कोणी लिहील की या वस्तीत इतक्या घरांत पिंपे कोरडी होतात. यात कोणी लबाडी केलेली नाही. प्रश्न विचारणाऱ्याला काय ऐकायचे आहे हे आपल्याला कळते, एवढेच. आता पालिकेच्या माणसाऐवजी गोरा पाहुणा, मोटार, सोबत सरपंच आणि गावाला दवाखान्याची आशा, असे चित्र डोळ्यांपुढे आणा.

हे ओळखणारेही अभ्यासक आहेत. ते म्हणतात, लोकांना फक्त "हो की नाही" विचारू नका; "तुम्हाला काय हवे" हे आधी विचारा. टांझानियातील इफाकारा संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली निरनिराळ्या गटांना, म्हणजे धोरण ठरवणारे अधिकारी, शास्त्रज्ञ, गावातली माणसे यांना, एकाच वेळी अनेक उपाय मांडून दाखवले आणि मते घेतली. डबक्यांतल्या अळ्या मारण्याच्या साध्या उपायाला सगळ्यांचाच पाठिंबा मिळाला. प्रश्न एकाच उपायाचा असता तर हे कळलेच नसते. भाजीवालीने एकच भाजी पाटीत ठेवून "घेता का?" विचारावे आणि सगळी पाटी उघडून विचारावे, यात फरक आहे.

शिवाय प्रश्न कोणाला विचारायचा? गावची सभा भरली की पुढे कोण बसते आणि मागे कोण बसते हे सगळीकडे सारखेच. अशा संशोधनात म्हणून बायकांच्या, तरुणांच्या आणि वडीलधाऱ्यांच्या बैठका वेगवेगळ्या घेतात. असल्या बैठकांत लोक जे विचारतात ते मी नोंदवून ठेवले आहे. हे डास चावतील का? डास खाणाऱ्या पाखरांचे आणि माशांचे काय? हा डास गेला तर त्याच्या जागी दुसरा येईल का? काही बिघडले तर तुम्हाला कोठे शोधायचे? पैसे संपले आणि तुम्ही निघून गेलात तर? यांतला शेवटचा प्रश्न मला शास्त्रज्ञांच्या पुष्कळ प्रश्नांपेक्षा जड वाटतो. पाखरांच्या प्रश्नावर मात्र खरोखर काम सुरू झाले. हा डास कोण कोण खातो याचा शोध घानाच्या विद्यापीठात घेतला गेला. म्हणजे विचारणे निव्वळ शिष्टाचाराचे नसते. गावाने काढलेली शंका प्रयोगशाळेत पोचू शकते.

श्रीमंत देशातही हा गुंता सुटलेला नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांवर डेंग्यूचे असे डास सोडायचे होते. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये तेथे चक्क मतदान घेतले. सगळ्या परगण्याने बहुमताने हो म्हटले. आणि ज्या की हेवन वस्तीत डास सोडायचे होते त्या वस्तीने नाही म्हटले. मग कोणाचे ऐकायचे? तेथे सोडलेच नाहीत. २०२१ साली त्याच परगण्यातल्या दुसऱ्या बेटांवर सोडले. आपल्याही महाराष्ट्रात, जालना जिल्ह्यात दावलवाडी येथे, २०१७ च्या जानेवारीत डेंग्यूच्या अशा डासांवर प्रयोग सुरू झाले, ते मोठ्या पिंजऱ्यांत. आपल्यापैकी किती जणींनी ते ऐकले होते? हात वर करा. पाहा, एकही नाही.

बुर्किना फासोची गोष्ट मात्र अजून संपलेली नाही. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सुरुकुदिंगान या गावी दुसरे डास सोडण्यात आले, तेही विरजणाचे नव्हेत. गावाची संमती होती, जैवसुरक्षा संस्थेची परवानगी होती. अकराच दिवसांनी, २२ ऑगस्टला, देशाच्या सरकारने सगळे काम बंद करण्याचा हुकूम काढला. दिल्लीत पन्नास वर्षांपूर्वी खेड्याला न विचारता काम सुरू झाले आणि राजधानीने बंद केले. येथे खेड्याला विचारून सुरू झाले आणि तरी राजधानीने बंद केले. ही बातमी वाचली तेव्हा मला दोन्हीकडचे वाईट वाटले. ज्यांना शंका होत्या त्यांच्या शंकांना उत्तर मिळाले नाही, कारण हुकूम हे उत्तर नव्हे. आणि ज्या गावांनी इतकी वर्षे बैठकांना बसून, नवे शब्द शिकून आपले मत बनवले होते, त्यांचे मत पुन्हा कोणी विचारले नाही. त्या देशात हिवताप होता तसाच आहे.

२०१८ साली ईजिप्तमध्ये शर्म-अल-शेख येथे जैवविविधता कराराच्या राष्ट्रांची परिषद झाली. असले पसरणारे डास सोडण्यापूर्वी, ज्यांच्यावर परिणाम होईल त्या आदिवासी आणि स्थानिक समाजांची मोकळी, आगाऊ आणि समजून घेतलेली संमती जेथे लागू असेल तेथे घ्यावी, असे तीत ठरले. "जेथे लागू असेल तेथे" हे शब्द वकिलांचे आहेत. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्या राज्यातल्या हिवतापाचा एक मोठा वाटा गडचिरोलीच्या जंगलात आहे. तिथला डास आफ्रिकेतल्यापेक्षा निराळ्या जातीचा आहे आणि त्याचे बीज बदलून सोडण्याचा कोणाचा बेत माझ्या ऐकिवात नाही. पण उद्या निघाला, तर त्याविषयीचे परिसंवाद आपल्यासारख्या दिवाणखान्यांत होतील, प्रश्नावल्या मराठीत आणि इंग्रजीत छापल्या जातील, आणि डास माडिया नि गोंडी बोलणाऱ्या बाईच्या झोपडीत असेल.

त्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) म्हणून एक गोंड गाव आहे. तिथली ग्रामसभा बहुमताने ठरवत नाही, सर्वांच्या संमतीने ठरवते. एकाला जरी पटले नाही तरी निर्णय थांबतो आणि पुन्हा बसतात. सभेला बायका असतातच. शिवाय त्या गावात अभ्यासगट आहे. एखादा विषय सभेपुढे यायच्या आधी हा गट बाहेरच्या जाणत्यांना बोलावून त्यांच्याकडून तो समजून घेतो. निर्णय गाव घेते, बाहेरच्याने फक्त सांगायचे. डासांवरचे हे सगळे परदेशी लिखाण वाचताना मला वारंवार त्या गावाची आठवण होत होती. तेथे कोणी साखरेचा किंवा विरजणाचा डास घेऊन गेले तर त्याला किती बैठका बसावे लागेल, हे मी सांगू शकत नाही. बाना गावाला काही वर्षे लागली.

चिटणीसबाईंची चिठ्ठी आली आहे की चहा तयार आहे. प्रश्न असतील तर ते चहाबरोबर घेऊ. आणि पिंपाचे उत्तर मला खरे हवे आहे.